दुसरीकडून बोलावणे आले असता

वाचनासाठी शास्त्रभाग : उत्पत्ती, अध्याय 30 व 31

तरुण बंधुभगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळ जण कारखान्यांत, दवाखान्यांत, शाळांत व संगणकाच्या कचेऱ्यांत नोकरी करतात. त्यांच्यापुढे केव्हा ना केव्हा एक प्रसंग येतो. दुसऱ्या कंपनीकडून जास्त पगाराचे पत्र हाती येते, परंतु आहे ती नोकरी सोडण्यास मन घेत नाही. मग वाटते, हे पत्र आपल्या साहेबांपुढे ठेवावे व इतका पगार मिळाल्यास राहतो असे सांगावे काय? असे मागणे योग्य आहे काय, आणि असल्यास ते कोणत्या रीतीने मागावे, हा ह्या महिन्याचा पाठ आहे.

1. याकोब व लाबान

हा प्रसंग नवा नाही. याकोबाने लाबानाच्या घरी 14 वर्षे चाकरी केली. योसेफाचा जन्म झाल्यावर त्याने आपल्या देशी परत जाण्याची परवानगी मागितली. त्याजपाशी दुसऱ्या धन्याचे बोलावणे नव्हते, परंतु जाण्यास स्वतःचे ठिकाण होते. लाबानाला त्याच्या कामाची किंमत ठाऊक होती. म्हणून वेतन काय हवे ते तूच सांग, असे म्हणून त्याने त्याला ठेवून घेतले.

याकोबाने दोन गोष्टी सांगितल्या. आपण येण्यापूर्वी कळप किती लहान होता व आता किती वाढला, हे त्याने दाखवून दिले. नंतर आपले मागणे स्पष्ट केले : कळपातील ठिपकेदार व काळी जनावरे आपल्याला मिळावीत. यात मागण्याचा दोष नव्हता. दोष लाबानाच्या देण्यात होता. करार झाला त्याच दिवशी त्याने तशी जनावरे वेगळी काढून आपल्या मुलांच्या हाती दिली. पुढील 6 वर्षांत त्याने दहा वेळा वेतन बदलले, अशी याकोबाची तक्रार होती. लाबानाची मुले कुरकुरू लागली, लाबानाची मुद्रा पालटली, आणि अखेर याकोबाला न सांगता निघावे लागले.

ह्यावरून काय दिसते? वेतन वाढवून मिळू शकते, परंतु ज्या घरात विश्वास नाही तेथे वाढलेले वेतन माणसाला फार काळ धरून ठेवीत नाही.

2. पत्रातील आकडा नीट वाचा

एक उदाहरण घेऊ. बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात, एक तरुण सव्वाचार वर्षे कायम नोकरीत आहे असे समजा. त्याच्या हाती दरमहा 38,000 रुपये येतात. अंकलेश्वरच्या एका कंपनीचे पत्र येते : वर्षाला 6,60,000, म्हणजे महिन्याला 55,000. घरात आनंद होतो. 17,000 रुपयांची वाढ!

परंतु पत्राच्या मागील पानावर फोड दिलेली असते. त्या 55,000 मध्ये वर्षाअखेरचा कामगिरीवर अवलंबून असलेला बोनस धरला आहे, महिन्याला 5,000 प्रमाणे. मूळ पगार 27,500 असल्यास मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा, 12 टक्क्यांप्रमाणे 3,300, त्यातच आहे. ग्रॅच्युइटीचे सुमारे 1,300 त्यातच आहेत. उरलेल्या रकमेतून त्याचा स्वतःचा 3,300 चा वाटा व 200 रुपये व्यवसायकर कापला जाईल. हाती येतील सुमारे 41,900. खरी वाढ 17,000 नव्हे, 4,000 च्या आतबाहेर आहे. त्यातून सुमारे 80 किलोमीटरच्या रोजच्या अपडाउनचा खर्च जावयाचा आहे.

भविष्यनिर्वाह निधी नव्या नोकरीत वर्ग होतो, तो बुडत नाही. ग्रॅच्युइटीचे तसे नाही. कायम कामगाराला ती सामान्यतः 5 वर्षे सलग नोकरी झाल्यावर मिळते, दर वर्षाला 15 दिवसांच्या पगाराप्रमाणे. ह्या तरुणाचा सध्याचा मूळ पगार 20,000 असेल, तर 5 वर्षांचे सुमारे 57,700 रुपये होतात. आणखी नऊ महिन्यांनी जे हक्काने मिळावयाचे, ते आज निघाल्यास सोडावे लागेल. तेव्हा हातातील रकमेची तुलना हातातील रकमेशी करावी, व कागदावरील आकड्याची कागदावरील आकड्याशी.

3. आधी आपले मन ठरवा

साहेबांकडे जाण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा : पगार तितकाच झाला, तर मी येथे समाधानाने राहीन काय? रोजचा अपमान, वरचेवर बुडणारी रजा किंवा पुढे शिकण्यास वाव नसणे हे जाण्याचे खरे कारण असेल, तर पैसे मागू नयेत. ते कारणच बोलावे, नाहीतर नव्या नोकरीवर निघावे. पैशाने न भरणारी जखम पैशाने झाकली, तर काही महिन्यांत ती पुन्हा उघडी पडते.

दुसरा प्रश्न : साहेब नाही म्हणाले तर मी काय करीन? राहावयाचे असेल, तर जातो अशी धमकी देऊ नये. केवळ दबाव आणण्यासाठी राजीनामा तर मुळीच लिहून देऊ नये. तो स्वीकारला गेला, तर परत घेणे आपल्या हाती राहत नाही. नेमणूकपत्रात किती दिवसांची पूर्वसूचना लिहिली आहे, तेही आधी पाहावे.

4. बोलताना

वेळ मागून, एकट्याने, शांतपणे बोलावे. सहकाऱ्यांत आधी बोभाटा करू नये. "साहेब, मला येथे काम करण्यात समाधान आहे. परंतु दुसरीकडून पत्र आले आहे आणि घरचा खर्च पाहता मला विचार करणे भाग आहे. माझ्या पगाराचा आपण विचार कराल काय?" इतके पुरे. मग याकोबाप्रमाणे कामाचा हिशेब द्यावा : कोणते काम वाढले, कोणती चूक थांबवली, कोणाला शिकवून तयार केले. शेजाऱ्याचा पगार किंवा स्वतःचे कर्ज हा आपल्या कामाचा हिशेब नव्हे.

आकडा खरा तोच सांगावा. पत्र नसताना आहे म्हणणे किंवा रक्कम फुगवून सांगणे हे खोटे आहे. साहेबांनी पत्र पाहावयास मागितले, तर त्याच घटकेला आपली पत जाते. पगार वाढविणे शक्य नसेल, तर हुद्दा, पाळीची वेळ किंवा ठरावीक महिन्यांनी फेरविचार, हेही मागता येते. जे ठरेल ते कोणत्या तारखेपासून, हे लेखी घ्यावे. लाबानाचा तोंडी करार आपण वर वाचलाच आहे.

5. दोन्हीकडे दिलेला शब्द

दुसऱ्या कंपनीतही माणसेच आहेत, हे आपण विसरतो. तिला येतो असे कळविल्यावर तेच पत्र घेऊन जुन्या साहेबांकडे भाव वाढवावयास जाणे योग्य नव्हे. तेथे कोणी आपली जागा राखून ठेवली असते, दुसऱ्या गरजू उमेदवाराला परत पाठविले असते. म्हणून विचारावयाचे ते होकार देण्यापूर्वी विचारावे. राहण्याचे ठरल्यास त्या कंपनीला मुदतीच्या आत आभार मानून कळवावे. आणि राहिल्यावर दर वर्षी नवे पत्र आणून दाखविण्याची सवय लावून घेऊ नये. पहिल्या वेळी ती विनंती असते, तिसऱ्या वेळी तो सौदा होतो.

साहेबांनी नकार दिला, तर तोही मानाने घ्यावा. जावयाचे असल्यास हातातील काम दुसऱ्याला नीट समजावून देऊन, उघडपणे, दाराने बाहेर पडावे. याकोबाला मेंढरांची लोकर कातरण्याच्या दिवसांत, धनी दूर असताना निघावे लागले. आपल्यावर तशी वेळ येऊ नये.

चर्चेसाठी प्रश्न

1. लाबानाने याकोबाला राहण्याचा आग्रह का केला? त्यात याकोबाचे हित किती व लाबानाचे किती?

2. आपल्या हाती येणारा पगार व कागदावरील पगार यांतील फरक आपणांपैकी किती जणांना सांगता येईल? आपापले पत्र काढून पाहा.

3. होकार दिल्यानंतर जुन्या मालकाने दुप्पट पगार देऊ केला, तर आपण काय कराल?