केसपेपर जपा, जीव वाचेल

मागच्या उन्हाळ्यात काटोलकडचे साठीतले एक गृहस्थ मुलासोबत माझ्या दवाखान्यात आले. गुडघेदुखीसाठी त्यांनी कुणाकडून तरी गोळ्या घेतल्या होत्या आणि दोन दिवसांपासून शौचाला डांबरासारखे काळे होत होते.

“आधी काही आजार?”

“बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आहे, डॉक्टरसाहेब. कागद घरीच राहिले, गोळ्यांची नावं आठवत नाहीत.”

छातीवरचा व्रण आणि स्टेथोस्कोपमध्ये ऐकू येणारा कृत्रिम झडपेचा टिकटिक आवाज, यावरून उलगडा झाला. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन चालू असताना वेदनाशामक गोळ्या पोटात गेल्या होत्या आणि आत रक्तस्राव सुरू होता. तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठविल्याने ते बचावले. एक कागद जवळ असता, तर ही वेळ आली नसती.

रुग्णाची माहिती हेही एक औषधच आहे. मात्र संगणक आणला की काम झाले, असे नाही. राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत, आपल्या मेडिकलमध्येही, एचएमआयएस ही संगणक प्रणाली होती. जुलै २०२२ मध्ये ती बंद पडली आणि काम पुन्हा हाती लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर आले. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. तेथेही बरेच दिवस कागद-पेनावर कारभार चालला.

म्हणून रुग्णालय दहा खाटांचे असो की हजार, त्याने आधी चार गोष्टी ठरवाव्यात. एका रुग्णाला एकच क्रमांक. कोणती नोंद कोणी, केव्हा करायची. ती कोणी पाहायची, कोणी नाही. आणि यंत्रणा बंद पडली तर जुनी माहिती कोठून मिळणार. संगणकाची खरेदी त्यानंतर.

वाचकहो, तुमचेही काम आहे. २००२ च्या वैद्यकीय नियमावलीनुसार भरती रुग्णाच्या नोंदी डॉक्टरने उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. त्या मागून घ्या. १४ अंकी आभा क्रमांक काढला असला, तरी डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स आणि चालू गोळ्यांची यादी पाकिटात ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर न विचारता वेदनाशामक घेऊ नका. ती गोळी मनाने बंदही करू नका.

त्या रात्री मी माझ्याच दवाखान्यातले कपाट उघडले. वर्षानुवर्षांचे केसपेपर, ना क्रम ना तारीख! दुसऱ्याच दिवशी क्रमांकांची नोंदवही घातली. दुसऱ्याला सांगण्यापूर्वी आपले घर आवरावे, हे बरे.