जुळ्यांचे आजारपण

जुळी मुले एका वयाची असली तरी एका वजनाची असतातच असे नाही. आणि तापाच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते. म्हणून दोन्ही मुले एकदम आजारी पडली की एकाचे माप दुसऱ्याला लावू नये. रात्री २ वाजता औषध कोणाला पाजले, हे जागरणाने थकलेल्या आईला सकाळी आठवेलच असे नाही. भिंतीवर दोन कागद लावावेत : नाव, वेळ, औषध, जुलाब, लघवी. (वडिलांनाही लिहिता येते!) वाटी-चमचेही वेगळे असावेत. जुलाब होत असल्यास २ वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर जलसंजीवनी चमच्याचमच्याने पाजावी. त्यांतील एखादे मलूल पडले, डोळे खोल गेले किंवा पाणीही पिईना, तर त्याचा कागद घेऊनच तडक दवाखाना गाठावा.