संत डॉमिनिक साव्हियोचे एक शालेय वर्ष



जून महिन्यात शाळा उघडल्या की आपल्या घरांत एकच धांदल उडते. वह्यांना कव्हरे चढतात, रिक्षावाल्याशी बोलणे होते, ट्यूशनच्या वेळा ठरतात. मग वर्षभर आपण मुलांना एकच प्रश्न विचारतो, "किती मार्क मिळाले?" मुलगा चांगला निघावा अशी आपणा सर्वांची इच्छा असते, पण चांगले होणे म्हणजे काय, हे त्याला सांगायला आपल्याला वेळ मिळत नाही. म्हणून आज आपण एका शाळकरी मुलाच्या एका वर्षाकडे पाहू या. तो मुलगा म्हणजे संत डॉमिनिक साव्हियो.

१. चांगले कापड

डॉमिनिकचा जन्म २ एप्रिल १८४२ रोजी उत्तर इटलीतील एका खेड्यात झाला. वडील लोहारकाम करीत, आई शिवणकाम करी. सातव्या वर्षी त्याने प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतला आणि त्या दिवशी काही निश्चय लिहून ठेवले. मरण आले तरी चालेल, पण पाप करणार नाही, हा त्यांतला शेवटचा निश्चय होता.

२ ऑक्टोबर १८५४ रोजी वडिलांबरोबर तो डॉन बॉस्कोंना भेटला. (इटलीत धर्मगुरूंना 'डॉन' म्हणतात.) डॉन बॉस्कोंनी त्याला पुस्तकातले एक पान पाठ करायला दिले. दहा मिनिटांच्या आत त्याने ते म्हणून दाखवले, अर्थही सांगितला. कापड चांगले दिसते, असे डॉन बॉस्को म्हणाले. तेव्हा शिंपिणीच्या या मुलाने उत्तर दिले की मी कापड, तुम्ही शिंपी; माझा प्रभूसाठी एक सुंदर अंगरखा शिवा.

त्याच महिन्याच्या अखेरीस तो तुरीन शहरातील डॉन बॉस्कोंच्या ओरेटरीत राहायला आला. ओरेटरी म्हणजे गरीब मुलांसाठी राहणे, शिकणे, खेळणे आणि प्रार्थना यांचे एक मोठे घरच होते. डॉन बॉस्कोंची आई मार्गारिता मुलांसाठी स्वयंपाक करी, त्यांचे फाटके कपडे शिवून देई.

२. वर्गात आणि रस्त्यावर

८ डिसेंबर १८५४ रोजी पोप नववे पायस यांनी पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा श्रद्धासिद्धान्त जाहीर केला. त्याच दिवशी डॉमिनिकने मरियामातेच्या वेदीपुढे आपले जीवन तिला वाहिले व प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वेळचे निश्चय पुन्हा केले.

त्या काळी ओरेटरीतली मुले लॅटिन शिकायला शहरातल्या एका शिक्षकांच्या शाळेत जात. तिथे एकदा दोन मुलांचे भांडण झाले. एकमेकांच्या घरच्यांचा अपमान झाला आणि दोघांनी दगडांनी लढायचे ठरवले. डॉमिनिकने समजावून पाहिले, पण कोणी ऐकेना. तेव्हा ऐन वेळी तो दोघांच्या मध्ये उभा राहिला, हातात क्रूस धरला आणि पहिला दगड मला मारा, असे म्हणाला. ख्रिस्ताने क्रूसावरून शत्रूंना क्षमा केली, याची त्याने त्यांना आठवण दिली. दोघांच्याही हातांतले दगड खाली पडले.

३. पवित्रतेची सोपी वाट

ओरेटरीत सहा महिने झाले असतील. एका प्रवचनात डॉन बॉस्कोंनी सांगितले की आपण सर्वांनी संत व्हावे अशी देवाची इच्छा आहे आणि संत होणे सोपे आहे. हे ऐकून डॉमिनिक अस्वस्थ झाला. त्याने खेळणे सोडले, तो गप्प गप्प राहू लागला. संत म्हणजे गंभीर चेहरा, असे त्यालाही वाटले असावे! डॉन बॉस्कोंनी त्याला जवळ बोलावून समजावले. सदा आनंदी राहा, अभ्यास व प्रार्थना वेळच्या वेळी कर, आणि मित्रांबरोबर खेळायला जा.

तरीही थंडीत तो मुद्दाम पातळ पांघरूण घेऊन झोपू लागला. डॉन बॉस्कोंनी परवानगीवाचून असे देहदंड करण्यास त्याला सक्त मनाई केली. आज्ञापालन करणे आणि रोजची थंडी, ऊन व थकवा कुरकुर न करता सोसणे, हेच मोठे प्रायश्चित्त, असे त्यांनी शिकवले.

डॉन बॉस्कोंच्या नामसणाच्या दिवशी मुलांना हवी ती भेट चिठ्ठीवर लिहून मागायची मुभा मिळाली. कोणी काय, कोणी काय मागितले. डॉमिनिकने मागितले की माझ्या आत्म्याचे तारण करा, मला संत बनवा.

९ मार्च १८५७ रोजी, पंधरा वर्षे पूर्ण होण्याआधीच, तो आपल्या घरी देवाघरी गेला. १२ जून १९५४ रोजी पोप बारावे पायस यांनी त्याला संत घोषित केले.

४. "आमचा मुलगा कुठे डॉमिनिक?"

हे वाचून आपल्यापैकी कोणी म्हणेल, "आमचा कार्टा तर एक मिनिट स्वस्थ बसत नाही!" अशांसाठीही डॉन बॉस्कोंनी एक चरित्र लिहिले आहे. मायकल मागोने हा बापाविना वाढलेला, रेल्वे स्टेशनवर टोळी घेऊन हुंदडणारा मुलगा. डॉन बॉस्कोंनी त्याला १८५७ साली ओरेटरीत आणले. मन मोकळे करून पापनिवेदन केल्यावर तोही बदलला, पण त्याचा दंगा आणि हसणे काही थांबले नाही. डॉन बॉस्कोंनी दोघांना एका साच्यात घातले नाही. कापड पाहून त्यांनी कपडा बेतला.

आपण मात्र शेजारच्या मुलाच्या मापाचा सदरा आपल्या मुलाला घालू पाहतो. तो घट्ट झाला की मुलालाच दोष देतो. येशू बाळ ज्ञानाने, शरीराने आणि देवाच्या व माणसांच्या कृपेत वाढत गेला, असे संत लूक सांगतो (लूक २:५२). आपण ज्ञानाचे मार्क मोजतो, उंची दाराच्या चौकटीवर मोजतो. कृपेतल्या वाढीची चौकशी कोण करणार?

चिंतनासाठी प्रश्न

१. मुलगा शाळेतून आल्यावर आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो?
२. गेल्या महिन्यात आपण त्याच्याबरोबर किती वेळा खेळलो, किती वेळा रोझरी म्हटली?
३. भांडणात मध्ये उभे राहायला आपण आपल्या वागण्यातून शिकवतो का?

प्रार्थना: हे प्रभो, आमची मुले तुझे कापड आहेत. त्यांना ओढून ताणून फाडण्यापासून आमचे हात आवर आणि तुला आवडेल असा अंगरखा शिवण्याची बुद्धी आम्हा आईबापांना व शिक्षकांना दे. संत डॉमिनिक साव्हियो, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.