पायावरची जाळी आणि कमी प्लेटलेट

पावसाळ्यात भिवंडीच्या वस्त्यांत कुणाला ताप आला की पहिला प्रश्न असतो, प्लेटलेट किती? डेंग्यूने हा शब्द घराघरांत नेला. प्लेटलेट कमी म्हणजे रक्तस्रावाची भीती, हे आपल्याला पाठ आहे. पण एका आजारात प्लेटलेट कमी असतात आणि तरीही रक्त नको तिथे गोठते. त्याचे नाव अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. डॉक्टर थोडक्यात 'एपीएस' म्हणतात. १९८३ साली लंडनच्या डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी त्याचे वर्णन केले.

रोगाशी लढण्यासाठी रक्तात प्रतिपिंडे असतात. या आजारात ती आपल्याच शरीरावर उलटतात. शिरांत, रोहिण्यांत गुठळ्या होतात. काही प्लेटलेट प्रतिपिंडांमुळे नष्ट होतात, काही गुठळ्यांत खर्ची पडतात. आकडा बहुधा पन्नास हजार ते दीड लाखाच्या मध्ये घुटमळतो. डेंग्यूत ताप उतरल्यावर काही दिवसांत प्लेटलेट भरून येतात. महिन्यानेही त्या कमीच असतील तर पपईच्या पानांचा रस पाजत बसू नका, कारण शोधा.

आता कातडीकडे पाहू. मांड्या, पिंढऱ्या, कधी हातांवर माशाच्या जाळ्यासारखी नक्षी उमटते. पुस्तकातल्या गोऱ्या कातडीवर ती जांभळी-लाल दिसते. आपल्या सावळ्या कातडीवर करडी किंवा तपकिरी दिसते, म्हणून नजरेतून सुटते. गारठ्याने येणारी आणि ऊब मिळताच जाणारी जाळी सहसा निरुपद्रवी असते. (आपल्याकडे थंडी ती किती!) ऊब मिळूनही न जाणारी, तुटक कड्यांची जाळी मात्र डॉक्टरांना दाखवा. अशा रुग्णांत अर्धांगवायूचा धोका अधिक आढळतो. घोट्याजवळ फार दुखणारी, न भरणारी जखम, बोटाचे टोक काळे पडणे, हीसुद्धा याची लक्षणे असू शकतात. लूमवर तासन् तास उभे राहणाऱ्याच्या पायाच्या जखमेला आपण 'शिरा फुगल्यात' म्हणून सोडून देतो. पुष्कळदा ते खरेही असते. पण एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, किंवा छातीत दुखून दम लागला, तोंड वाकडे झाले, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठा.

सर्वांत जास्त सोसते ती बाई. वारेत रक्तप्रवाह बिघडतो आणि गर्भ जातो. मग बाहेरची बाधा, भगत, अंगारा आणि सुनेलाच बोल. दहा आठवड्यांनंतर एक जरी गर्भ कारण न कळता गेला, किंवा त्याआधी लागोपाठ तीन गेले, तर एपीएसची तपासणी मागा. आणखी एक गोष्ट घराघरांत कळायला हवी. गरोदरपणात व्हीडीआरएल ही गुप्तरोगाची चाचणी करतात. तिच्यात वापरला जाणारा कार्डिओलिपिन हा पदार्थ या प्रतिपिंडांनाही पकडतो, त्यामुळे आजार नसताना ती 'पॉझिटिव्ह' येऊ शकते. टीपीएचएसारखी दुसरी चाचणी करून खात्री होण्याआधी नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घेणे हा अन्याय आहे.

तपासण्या तीन: लूपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-टू ग्लायकोप्रोटीन. पहिलीचे नाव फसवे आहे. काचेच्या नळीत ती प्रतिपिंडे रक्त गोठणे लांबवतात, शरीरात मात्र गोठवतात. म्हणून एपीटीटीचा आकडा वाढलेला पाहून 'रक्त पातळ आहे' असे समजू नये. दोष आढळला तर किमान बारा आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी लागते, कारण साध्या संसर्गानेही ती तात्पुरती पॉझिटिव्ह येते. दुसऱ्या खेपेला पुन्हा रोज बुडतो हे खरे, पण त्याशिवाय निदान पक्के होत नाही.

सुरुवात इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात करा. जुने सगळे रिपोर्ट आणि सोनोग्राफीचे कागद सोबत न्या. पुढची चिठ्ठी मिळाली तर ठाणे किंवा कल्याणहून लोकलने परळ, तिथे केईएम. त्याच आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. रक्ताच्या अशा विकारांवर तिथे काम चालते.

गुठळी झालेल्यांना बहुधा वॉरफरिन दीर्घकाळ, अनेकदा जन्मभर घ्यावे लागते. आयएनआर ही चाचणी वेळेवर करावी. आकडा सहसा दोन ते तीनमध्ये ठेवतात. मेथी-पालक सोडायची नाही, फक्त प्रमाण रोज सारखे ठेवा. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर घेऊ नका आणि कंबरेत इंजेक्शन घेण्याआधी हे औषध चालू असल्याचे सांगा. प्लेटलेट कमी दिसल्या म्हणून स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका. माला-डीसारख्या गोळ्या या आजारात टाळतात, तांबीबद्दल विचारा. पाळी चुकली तर लगेच डॉक्टरांकडे जा, कारण वॉरफरिन गर्भाला घातक आहे. गरोदरपणात त्याऐवजी हेपॅरिनची इंजेक्शने आणि कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात. या उपचाराने अनेक जणींची बाळंतपणे सुखरूप झाली आहेत.