हिंगण्याची रोजची वाट

दहावीचा निकाल हाती आला, की पुण्यातील घराघरांत जी खलबते सुरू होतात, त्यांचा सूर गेल्या काही वर्षांत पुष्कळच पालटला आहे. पूर्वी वडील मुलाला गुण विचारीत आणि गुणांवरून पुढची शाखा ठरवून मोकळे होत, आजचे वडील, अधिक समंजस आणि म्हणूनच अधिक चिंतातुर असल्यामुळे, मुलाला समोर बसवून विचारतात, "बाळा, तुझी खरी आवड कोणती? तुझी पॅशन काय?" आणि ज्याने आजवर शाळा, क्लास, गृहपाठ आणि परीक्षा यांच्यापलीकडे कोणतेही काम स्वतःच्या हाताने धरलेले नाही, असा पंधरा-सोळा वर्षांचा तो मुलगा गप्प राहतो. त्या गप्प राहण्याचा अर्थ घरात असा लावला जातो, की मुलाला महत्त्वाकांक्षा नाही. मला हा अर्थ साफ चुकीचा वाटतो. आवड ही मनाच्या तळाशी आधीपासून पुरून ठेवलेली वस्तू असून ती खणून काढायची एवढेच काम उरलेले आहे, हे गृहीतच मुळात सदोष आहे, आणि त्याचा दाखला शोधायला पुणेकरांना आपल्या शहराबाहेर जाण्याचे कारण नाही.

नळ स्टॉपवरून कर्वे रस्त्याने क्लासला जाणारी हजारो मुले ज्यांचे नाव रोज पाटीवर वाचतात, ते धोंडो केशव कर्वे १८५८ साली कोकणात जन्मले आणि दापोलीजवळच्या मुरुड गावी वाढले. स्वभावाने ते विलक्षण संकोची होते. त्यांचे शिक्षक सोमण मास्तर यांच्या प्रेरणेने गावच्या दुर्गादेवीच्या देवळात लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचे काम त्यांनी पत्करले, आणि सार्वजनिक कामाचा पहिला संस्कार त्यांच्यावर तेथे झाला. सतरा वर्षांच्या सुमारास सरकारी परीक्षेला बसण्यासाठी ते व त्यांचे सोबती मुरुडहून सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंतची सुमारे ११० मैलांची वाट चार दिवसांत पायी तुडवीत गेले. तेथे परीक्षकांनी दाखला बाजूला ठेवला, मुलाची चण पाहून तो वयाने लहान असल्याचे ठरविले आणि त्याला परीक्षेस बसू दिले नाही. आल्या वाटेने तो मुलगा परत गेला, पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा उत्तीर्ण झाला, आणि मॅट्रिक होईपर्यंत १८८१ साल उजाडले, म्हणजे त्या वेळी त्याचे वय तेवीस वर्षांचे होते. एका वर्षाचा खंड पडला म्हणून आयुष्य वाया गेले असे मानून रात्र रात्र जागणाऱ्या मातापित्यांनी ही तेवीस वर्षे ध्यानात ठेवावीत.

पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित विषय घेऊन १८८४ साली ते बी. ए. झाले, मुंबईत शाळांतून व खासगी शिकवण्यांतून अध्यापन करू लागले, आणि मिळकतीचा ठराविक हिस्सा सत्कार्यासाठी बाजूला काढण्याची सवय त्यांनी तेव्हाच स्वतःला लावून घेतली. टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यानंतर फर्ग्युसन कॉलेजात गणिताची जागा रिकामी झाली होती. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून १८९१ साली कर्वे त्या जागी आले. येथवरच्या चरित्रात, वाचकहो, आज आपण ज्याला पॅशन म्हणतो तिचा मागमूस तरी कोठे आहे काय? एक कष्टाळू, नीटनेटका, दिलेला शब्द पाळणारा आणि पैशाचा चोख हिशेब ठेवणारा गणिताचा शिक्षक, एवढेच काय ते दिसते. परंतु याच वर्षांत त्या माणसाच्या अंगी ती शिस्त मुरत होती, जिच्यावाचून पुढचा ध्यास दोन पावसाळेही टिकला नसता.

पहिल्या पत्नीच्या निधनानंतर कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि त्याबद्दल मुरुडच्या समाजाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्या अनुभवातून विधवांच्या शिक्षणाचा प्रश्न त्यांच्या अंतःकरणाला भिडला, १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची संस्था स्थापन झाली, आणि पुण्यातल्या प्लेगच्या धुमाळीत १९०० साली आश्रम शहराबाहेर हिंगण्यास, एका झोपडीत, हलविण्यात आला. आज जेथे कर्वेनगर म्हणून दाट वस्ती आहे, तेथे त्या काळी माळरान होते. दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवावे, संध्याकाळी आश्रमाला लागणारे सामानसुमान बरोबर घेऊन सुमारे चार मैलांची वाट पायी चालत हिंगणे गाठावे, तेथे मुलींना शिकवावे, रात्री तेथेच राहावे आणि सकाळी पुन्हा पायीच कॉलेजात हजर व्हावे, हा त्यांचा क्रम झाला. पावसाळ्यात त्या वाटेवर चिखल होई आणि काळोखात पाऊल कोठे पडते हे दिसत नसे. चाळिशी उलटलेल्या त्या प्राध्यापकाला अशा प्रत्येक संध्याकाळी आतून उत्साहाचे भरते येत असेल, असे मानणे मला भाबडेपणाचे वाटते. काही संध्याकाळी अंग दुखत असेल, काही संध्याकाळी मन खिन्न असेल, आणि तरीही पावले हिंगण्याकडे वळत असतील, कारण त्या पावलांना तेवढेच ठाऊक होते.

विद्यार्थी मित्रांनो, प्रेरणेविषयीचा जो गैरसमज तुमच्या पिढीला विशेष जाचतो आहे, तो नेमका येथे दूर व्हावा. मोबाइलवरचे एखादे आवेशपूर्ण भाषण ऐकून छाती भरून येते, रात्री अकरा वाजता वेळापत्रकाचा रंगीत तक्ता तयार होतो, आणि तिसऱ्या दिवशी तो भिंतीवर नुसता लटकत राहतो. मग तुम्ही स्वतःलाच दूषण देता, की आपल्यात प्रेरणा कमी आहे. प्रेरणा कमी नसते. तिच्या पायाखाली वाट नसते. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, ठरलेले अल्पसे काम करण्याची वहिवाट पडली, म्हणजे मनाची संमती दररोज नव्याने मागावी लागत नाही, आणि काम हातात मुरू लागले की त्यातले बारकावे दिसू लागतात व त्या बारकाव्यांतून गोडी उत्पन्न होते. संगीत शिकणाऱ्या मुलाला हे सांगावे लागत नाही. स्वर लावण्याचे पहिले महिने किती रुक्ष असतात आणि राग कळू लागल्यावर तोच मुलगा जेवण विसरून कसा बसतो, हे त्याच्या घरच्यांनी पाहिलेले असते.

ध्येयाची गोष्टही अशीच आहे. कर्व्यांनी तरुणपणी महिला विद्यापीठाचे स्वप्न उराशी बाळगले होते असे नाही. आधी एक आश्रम, मग मुलींसाठी विद्यालय, अशी एकेक पायरी बांधून झाल्यावर, पन्नाशी ओलांडल्यानंतर जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका त्यांच्या वाचनात आली आणि त्या पायऱ्या कोठे पोचणार आहेत हे त्यांना प्रथम स्पष्ट दिसले. १९१६ साली विद्यापीठ निघाले तेव्हा कर्वे अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि त्यांच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजता येत होत्या. चार वर्षांनी सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली व त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठास लाभले. तथापि देणगी येण्याआधीची वीस वर्षे वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन दारोदार हिंडण्यात गेली होती, हे विसरून चालणार नाही.

शाखा एकदा निवडली की परतीची वाट बंद झाली, या भयाने ग्रासलेल्यांसाठी पुण्यातलाच आणखी एक दाखला देतो. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. १९२५ साली त्याची सूत्रे हाती घेऊन ज्यांनी संपादनाची शास्त्रशुद्ध पद्धती घालून दिली, ते विष्णु सीताराम सुखठणकर केंब्रिजमध्ये शिकले ते गणित. संस्कृतकडे वळले ते नंतर, जर्मनीत. निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या हस्तलिखितांतला एकेक श्लोक, अक्षराखाली अक्षर येईल अशा बेताने, आखलेल्या कागदांवर उतरवून पाठभेद ताडून पाहण्याचे ते काम म्हणजे नित्य सवयीचा कस पाहणारे काम होते. सुखठणकर १९४३ साली निवर्तले, त्यांना त्या कामाची अखेर पाहता आली नाही. पद्धती पक्की होती म्हणून पुढील विद्वानांनी ती आवृत्ती तडीस नेली. गणिताच्या शिक्षणाने लागलेली काटेकोरपणाची सवय पाठचिकित्सेत त्यांच्या उपयोगी पडली असावी, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आता थोडे व्यवहाराचे. सदाशिव पेठेतल्या आणि शास्त्री रस्त्याच्या आसपासच्या अभ्यासिकांतून मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली मुले राज्यसेवेच्या परीक्षेसाठी पहाटेपासून बसलेली असतात. डब्याच्या पैशासाठी गावाकडे शेतातल्या पिकावर डोळे लावून बसलेले त्यांचे आईवडील मला वारंवार आठवतात. या मुलांच्या कष्टांविषयी मला नितांत आदर आहे, आणि म्हणूनच त्यांना आग्रहाने सांगावेसे वाटते, की पद हे ध्येय मानू नका. त्या पदावर बसून रोज जे काम करावे लागेल ते तुम्हाला रुचते काय, याची खातरजमा एखाद्या तहसील कचेरीत आठ दिवस बसून, अर्ज आणि फेरफार कसे हाताळले जातात ते पाहून, आधीच करून घ्या. दुसरे असे, की तयारीला आरंभ करतानाच तिची मुदत कागदावर लिहा, त्यावर स्वतःची व वडिलांची सही करा, आणि मुदत सरल्यावर कोणत्या उद्योगाला हात घालायचा तेही त्याच कागदावर नमूद करा. प्रयत्नांना मर्यादा घालणे हा पराभव नव्हे; अमर्याद वाट पाहण्यात तारुण्याची जी वर्षे नि:शब्द निघून जातात, त्यांची भरपाई कोणतीही निवडयादी करून देत नाही.

शाळकरी मुलांसाठी मी एकच सवय सुचवितो. जुन्या पेढ्यांवर दररोजचा व्यवहार रोजकीर्दीत मांडला जाई. तशी एक साधी वही ठेवावी आणि रात्री निजण्यापूर्वी त्या दिवशी कोणत्या कामाला किती वेळ दिला, कोठे अडले, आणि कोणते काम करताना वेळेचे भान राहिले नाही, एवढे चार ओळींत लिहावे. वर्षभराने ती वही चाळली, म्हणजे "तुझी आवड कोणती?" या प्रश्नाचे उत्तर मुलाच्याच हस्ताक्षरात समोर येईल. ते उत्तर कलचाचणीहून अधिक विश्वसनीय असेल, कारण त्यामागे तीनशेहून अधिक दिवसांची साक्ष असेल.

पालकांशी बोलायचे, तर पुन्हा कर्व्यांच्याच घरात डोकवावे. त्यांचे ज्येष्ठ पुत्र रघुनाथ गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना ती प्राध्यापकी सोडावी लागली, आणि १९२७ पासून अखेरपर्यंत ते 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवीत राहिले. बाकीच्या पुत्रांपैकी शंकर आफ्रिकेत डॉक्टर झाले, दिनकर रसायनशास्त्राचे प्राध्यापक व फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, भास्कर हिंगण्याच्या संस्थेत राबले. एकाच घरातून चार वाटा फुटल्या. त्या चौघांनी घरात पाहिले काय? भल्या पहाटे उठून कामाला लागणारा, पै-पैचा हिशेब ठेवणारा आणि अपमान झाला तरी दुसऱ्या दिवशी तेच काम पुढे चालविणारा बाप. घरात जे रोज घडते त्याची छाप मुलावर उमटते. आईवडील संध्याकाळभर हातातल्या पडद्यावरून मान वर काढीत नसतील, तर एकाग्रतेवरचे व्याख्यान मुलाच्या कानाशी पोचणार कसे?

म्हणून माझी विनंती इतकीच आहे. अकरावीच्या अर्जाची अखेरची तारीख येण्यापूर्वी एक संपूर्ण संध्याकाळ मुलासाठी मोकळी ठेवा, शाखेचा आणि गुणांचा विषय त्या दिवशी काढू नका, आणि त्याला सोबत घेऊन डेक्कनपासून कर्वेनगरपर्यंत पायी चालत जा. वाटेत तो जे बोलेल ते मध्ये न तोडता ऐकून घ्या.