शब्दविचार : ‘सुशेगाद’ की ‘प्रसन्न’?

गेल्या वर्षी आमच्या देवस्थानचे एक वृद्ध सभासद निवर्तले. सूचनाफलकावर चार ओळींचा शोकलेख लिहिण्याचे काम वडिलांनी मजकडे सोपविले. ते गृहस्थ स्वभावाने अत्यंत शांत, कोणावर कधी न चिडणारे असे होते. म्हणून मी मोठ्या आदराने लिहिले, “ते सुशेगाद वृत्तीचे सद्गृहस्थ होते.” बाराव्या दिवशी त्यांच्या पत्नीने मला जवळ बोलाविले आणि हलक्या आवाजात विचारले, “बाळ, चाळीस वर्षे पहाटे पाचला उठून दुकानाच्या फळ्या काढणारा माणूस सुशेगाद कसा रे?”

मजजवळ उत्तर नव्हते. हेतू चांगला होता. परंतु हेतू लिहिणाराच्या मनात राहतो आणि फलकावर शब्द तेवढा दिसतो. शांत व सुखकर स्वभाव वर्णन करण्यासाठी आपल्या भाषेत शब्द पुष्कळ आहेत, पण ते एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत. लग्नाची बोलणी, शाळेतील शिफारस, मृत्युलेख अशा प्रसंगी आपण सर्वच हे शब्द वापरतो. यास्तव त्यांचा थोडा विचार करू.

प्रथम ‘सुशेगाद’ हाच शब्द घेऊ. तो पोर्तुगीज ‘सोसेगादु’ या शब्दावरून आला. मूळ अर्थ शांत, उद्वेगरहित. गोव्यात १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या काळात त्यांच्या भाषेतील जे शब्द कोकणीत रुजले त्यांपैकी हा एक. घाई न करता, आहे त्यात समाधान मानून राहणारा तो सुशेगाद. परंतु पुढे पर्यटनाच्या जाहिरातींनी या शब्दास समुद्रकिनारा व दुपारची झोप चिकटविली, आणि समाधानाच्या जागी आळसाची छटा आली. मी पहिला अर्थ लिहिला, काकींनी दुसरा वाचला.

दोष या एकाच शब्दाचा आहे असेही नव्हे. ‘स्वस्थ’ हा शुद्ध संस्कृत शब्द पाहा. ‘स्व’ म्हणजे आपण आणि ‘स्थ’ म्हणजे स्थिर असलेला. आपल्या ठिकाणी स्थिर तो स्वस्थ. अर्थ केवढा थोर! तरी “तो नुसता स्वस्थ बसला आहे” असे घरात कोणी म्हटले, तर ती तक्रार असते. विश्रांती आणि आळस यांच्यामधील भिंत पातळ आहे, आणि शब्द वेळोवेळी ती ओलांडतात.

मग शब्द निवडावा कसा? याकरिता दोन प्रश्न उपयोगी पडतात. त्या माणसाचे मन स्वतःच्या ठायी शांत आहे काय? आणि त्याच्या सहवासात इतरांचे मन शांत राहते काय? भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायातील पंधराव्या श्लोकात प्रिय भक्ताचे लक्षण सांगताना या दोन्ही बाजू एकत्र ठेविल्या आहेत. त्याचा लोकांस उपद्रव नसावा, आणि लोकांमुळे त्याचेही चित्त ढळू नये, असा तेथील आशय आहे. आपल्या नेहमीच्या शब्दांपैकी बहुतेक मात्र या दोहोंपैकी एकाच प्रश्नाचे उत्तर देतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणारे शब्द असे : शांत, समाधानी, निश्चिंत, बेफिकीर. यांतील शेवटची जोडी विशेष पाहण्यासारखी आहे. ‘निश्चिंत’ म्हणजे चिंता नसलेला. ‘बेफिकीर’ म्हणजे फिकीर नसलेला. एक शब्द संस्कृतातून आला, दुसरा फारसीच्या वाटेने, शब्दार्थ एकच. तथापि मुलीचे लग्न पार पडल्यावर बाप निश्चिंत होतो, आणि घरात लग्न असताना जो पत्ते खेळत बसतो तो बेफिकीर. निश्चिंत माणसाने आपला भार उचलून मग खाली ठेविलेला असतो. बेफिकिराने तो दुसऱ्याच्या डोक्यावर दिलेला असतो. ‘खुशालचेंडू’ हाही बेफिकिराचाच धाकटा भाऊ. ऐकावयास गोड, पण जबाबदार माणसास लावण्याजोगा नव्हे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणारे शब्द : मनमिळाऊ, लाघवी, गोडबोल्या, भिडस्त. ‘मनमिळाऊ’ हा अस्सल मराठी घडणीचा आणि निर्मळ शब्द आहे. इतरांच्या मनाशी ज्याचे मन सहज मिळते तो मनमिळाऊ. ‘लाघवी’ शब्दाच्या मुळाशी ‘लघु’ आहे. लाघव म्हणजे हलकेपणा, चपळाई; हस्तलाघव या शब्दात तोच अर्थ आहे. म्हणून लाघवी बोलण्यात आर्जवाबरोबर थोडे कौशल्यही येते. लहान मुलास लाघवी म्हटले तर कौतुक. विक्रेत्यास म्हटले तर ऐकणारा आपला खिसा चाचपतो. ‘गोडबोल्या’त तर संशय उघडच आहे. आणि ‘भिडस्त’? तो कोणास नाही म्हणत नाही, सर्वांस हवासा वाटतो. परंतु त्याच्या स्वतःच्या मनास स्वस्थता नसते. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण त्याच्याचसाठी आहे. बाहेरून सुखकर आणि आतून त्रस्त अशा माणसास आपण पुष्कळदा चुकून शांत म्हणतो.

आताच ‘आर्जव’ शब्द आला, त्याचीही गंमत ध्यानात ठेवावी. ‘ऋजु’ म्हणजे सरळ; त्याचे भाववाचक नाम आर्जव. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत आर्जव येते, ते सरळपणा या अर्थाने. आजच्या मराठीत आर्जव करणे म्हणजे विनवणी करणे. जुना ग्रंथ वाचताना आजचा अर्थ मनात ठेविला, तर सरळ मनुष्य आपल्यास विनवण्या करणारा भासेल!

दोन्ही प्रश्नांस एकदम ‘होय’ असे उत्तर देणारे शब्द थोडे. ‘सौम्य’ हा त्यांपैकी एक. तो ‘सोम’ म्हणजे चंद्र यावरून आला. चंद्र प्रकाश देतो, पण भाजत नाही. दुसरा, आणि माझ्या मते सर्वांत भरलेला शब्द, म्हणजे ‘प्रसन्न’. यात ‘सद्’ धातू आहे. त्याचा एक अर्थ बसणे. संस्कृतात स्वच्छ पाण्यासही प्रसन्न म्हणतात. गढूळ पाण्यातील गाळ खाली बसला की पाणी नितळ होते; मनातील गाळ बसला की माणूस प्रसन्न होतो. याच धातूपासून ‘प्रसाद’ शब्द झाला. आपण देवळात हातावर घेतो तो प्रसाद, आणि काव्यशास्त्रात सुबोधतेस म्हणतात तो प्रसादगुण, ही एकाच घरची भावंडे. मराठीनेही ही पाण्याची उपमा सोडलेली नाही. पाणी निवळते तसा रागही निवळतो, असे आपण सहज म्हणतो. नितळ पाणी स्वतः स्वच्छ असते आणि दुसऱ्याची तहानही भागविते. ‘प्रसन्न’ शब्दाचे महत्त्व यातच आहे. शिवाय त्यात आळसाचा लेशही नाही, कारण वाहते पाणीदेखील नितळ असू शकते.

वर्षश्राद्धाच्या वेळी पुन्हा लिहिण्याचा प्रसंग आला. या खेपेस मी आधी काकींकडे गेलो व त्यांनाच विचारले. त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, “त्यांच्यापाशी बसले की बरे वाटे. गिऱ्हाइकालाही, मलाही. आणखी काय लिहायचे?” मी फलकावर लिहिले, “ते उद्योगी व प्रसन्न वृत्तीचे होते. त्यांच्यापाशी बसले की बरे वाटे.” दुसरे वाक्य काकींचे आहे. संबंध कोश चाळून मला जे सापडले, ते त्यांनी साध्या शब्दांत आधीच सांगितले होते, असे आता वाटते.

मुलांसाठी अभ्यास

१. ‘निश्चिंत’ आणि ‘बेफिकीर’ हे शब्द प्रत्येकी एका वाक्यात असे योजा की त्यांची अदलाबदल करता येऊ नये.

२. ‘भिडस्त’ आणि ‘मनमिळाऊ’ यांतील भेद वरील दोन प्रश्नांच्या आधारे सांगा.

३. आपल्या घरातील एका वडील माणसाच्या स्वभावाचे दोन वाक्यांत वर्णन करा. ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, आणि त्यांना कोणता शब्द खटकला ते विचारा.