घटक ४ : कूस, नाते आणि शब्द – अपत्यहीनतेचे दुःख आणि सरोगसीची नीती

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण मराठी साहित्यातील कुटुंबचित्रणाचा विचार केला. आता त्याच कुटुंबातील एका अशा अनुभवाकडे वळायचे आहे, जो अनेक घरांत असतो आणि ज्याविषयी घरात क्वचितच मोकळेपणाने बोलले जाते. मूल हवे असूनही ते न होणे, हा तो अनुभव. आधुनिक वैद्यकाने या दुःखावर जे उपाय काढले, त्यांपैकी सर्वाधिक वाद सरोगसीविषयी झाला आहे. म्हणजे एका जोडप्याचे मूल दुसऱ्या स्त्रीने आपल्या उदरात वाढवून देणे.

हा घटक वाचणाऱ्यांपैकी काहींनी हे दुःख स्वतः भोगले असेल, काही आजही भोगत असतील. त्यांच्यापुढे हा विषय केवळ परीक्षेसाठी मांडणे योग्य ठरणार नाही, याची जाणीव ठेवूनच पुढील विवेचन केले आहे. आपण डॉक्टर किंवा वकील म्हणून नव्हे, तर भाषेचे अभ्यासक म्हणून या प्रश्नाकडे पाहणार आहोत. कोणाला कोणते नाव दिले गेले आणि कोणाला नावच दिले गेले नाही, हे पाहिले की नीतीचा बराचसा प्रश्न उलगडू लागतो.

४.२ दुःखाचे शब्द

मूल होण्याविषयी मराठीत किती सुंदर शब्दप्रयोग आहेत! दिवस जाणे, कूस उजवणे, पाळणा हलणे, ओटी भरणे. मूल न होण्याविषयी मात्र भाषा एकदम कठोर होते. 'वन्ध्या' या संस्कृत शब्दावरून आलेला 'वांझ' हा शब्द आपण जमिनीला लावतो, झाडाला लावतो, निष्फळ चर्चेलाही 'वांझोटी चर्चा' म्हणतो. आणि तोच शब्द जिवंत स्त्रीलाही लावतो. या शब्दाचे पुरुषासाठी वापरले जाणारे रूप आठवून पाहा. ते सापडत नाही. 'निपुत्रिक' हा शब्द पुरुषाला लागतो खरा, पण त्यात दोष नसून दैव आहे. शिवाय त्यात मूल नसल्याचे नव्हे, पुत्र नसल्याचे दुःख आहे. चार मुलींचा बापही या शब्दात बसतो.

वस्तुस्थिती काय आहे? बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ संततिनियमनाची साधने न वापरता नियमित शरीरसंबंध ठेवूनही गर्भधारणा न झाल्यास वैद्यकशास्त्र त्याला वंध्यत्व म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात सहांपैकी सुमारे एका व्यक्तीला आयुष्यात केव्हातरी हा अनुभव येतो. यामागील कारणे पत्नीकडे असतात, पतीकडे असतात, दोघांकडेही असतात. कधी कोणतेच कारण सापडत नाही. तरीही आपल्याकडे पहिली तपासणी बहुधा सुनेची होते आणि मुलाची तपासणी करण्याचा विषय काढणे हेच उद्धटपणाचे मानले जाते. विज्ञानाने दोष वाटून घेतला, भाषेने अजून घेतलेला नाही.

या दुःखाचे स्वरूप इतर दुःखांहून वेगळे आहे. मृत्यूच्या दुःखाला दहावे-तेरावे असते, चार माणसे येऊन बसतात. न जन्मलेल्या मुलासाठी कोणी येत नाही. आशा दर महिन्याला उभी राहते आणि दर महिन्याला मोडते; त्याला साक्षीदार नसतो. भरीस भर म्हणजे समारंभ. शेजारच्या घरी डोहाळजेवण असते, बोलावणे येते आणि ओटी भरण्याची वेळ आली की कोणीतरी वडीलधारी बाई हळूच दुसरीला पुढे करते. कोणी काही बोलत नाही, म्हणूनच ते अधिक लागते. पतीचे दुःख याहूनही मुके असते, कारण ते बोलण्याची मुभा पुरुषपणाच्या कल्पनेने त्याला दिलेली नाही.

४.३ महडची कथा

खोपोली, खालापूर, कर्जत या भागातील विद्यार्थ्यांना महडचा वरदविनायक परिचित आहेच. (चवदार तळ्याचे महाड वेगळे; इतर जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांनी गल्लत करू नये.) अष्टविनायकांपैकी हे स्थान खोपोलीपासून अगदी जवळ आहे. १६९० साली तेथील तळ्यात मूर्ती सापडली आणि १७२५ साली सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी मंदिर बांधले, असे सांगितले जाते. माघी चतुर्थीला येथे प्रसादाचा नारळ मिळाल्यास पुत्रप्राप्ती होते, अशी श्रद्धा आहे. तो नारळ ओटीत घेणाऱ्या स्त्रीच्या श्रद्धेला हसणे सोपे आहे. तिला तिथवर आणणारा धाक ओळखणे अवघड आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या स्थानाची कथाच अधिक महत्त्वाची आहे. कौंडिण्यपूरचा राजा भीम निपुत्रिक होता. राज्य सोडून तो राणीसह वनात गेला. तेथे विश्वामित्रांनी दिलेल्या मंत्राच्या उपासनेने त्याला रुक्मांगद हा पुत्र झाला. लोकांच्या तोंडी असलेली कथा बहुधा येथेच थांबते: दुःख, उपासना, फळ. पण पुराणकथा पुढे जाते. वाचक्नवी ऋषींची पत्नी मुकुंदा ही रुक्मांगदावर मोहित झाली. त्याने तिला नाकारले. इंद्र रुक्मांगदाचे रूप घेऊन तिच्याकडे आला आणि तिला गृत्समद हा पुत्र झाला. ऋषींच्या घरी तो ऋषिपुत्र म्हणून वाढला. मोठेपणी विद्वानांच्या सभेत त्याच्या जन्मावरून त्याचा अपमान झाला, तेव्हा त्याने घरी येऊन आईला विचारले, माझा पिता कोण? उत्तर ऐकून त्याने आईला शाप दिला: तू काटेरी बोरीचे झाड होशील. पुढे त्याने ज्या वनात तप केले, ते वन म्हणजेच आजचे महड मानले जाते. ऋग्वेदाचे दुसरे मंडल परंपरेने ज्याच्या कुलाचे मानले जाते, तो हाच गृत्समद, असेही सांगतात.

अपत्यासाठी व्याकूळ झालेला राजा आणि आपण कोणाचे, हे विचारणारे अपत्य, अशी दोन टोके एकाच कथेत आली आहेत. मूल मागणाऱ्याचे दुःख समाजाला कळते. मुलाचा प्रश्न मात्र तो मोठा होऊन सभेत उभा राहीपर्यंत कोणाला सुचत नाही. आणि मुकुंदा? तिची फसवणूक झाली होती. शाप मात्र तिलाच मिळाला.

देवकीचा गर्भ रोहिणीच्या उदरात गेला, म्हणून बलरामाचा जन्म ही 'जगातली पहिली सरोगसी', असे विधान अलीकडे वारंवार वाचायला मिळते. हे साम्य वरवरचे आहे. रोहिणी ही वसुदेवाचीच पत्नी. तिने मूल कोणाला दिले नाही. शिवाय तिची संमती कोणी विचारली होती काय, हा सरोगसीतील कळीचा प्रश्न त्या कथेत उद्भवतच नाही.

४.४ यशवंताचे आईबाप

महाराष्ट्राच्या इतिहासात अपत्यहीनतेला दिलेले एक वेगळे उत्तर आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना मूल नव्हते. दुसरे लग्न करण्याचा आग्रह जोतीरावांना झाला आणि त्यांनी तो धुडकावला, हे चरित्रकार सांगतात. त्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तेथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे आणि मूल ठेवावे किंवा न्यावे, अशी ती सोय होती. अशाच एका ब्राह्मण विधवेचा, काशीबाईंचा, मुलगा त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. तोच यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला.

त्या काळी दत्तक घेत तो वंशासाठी, वतनासाठी आणि पिंडासाठी. म्हणून भाऊबंदांतला मुलगा शोधत. फुले दांपत्याने वंशाचा विचारच बाजूला सारला. येथे एक गोष्ट मुद्दाम टिपून ठेवा: जन्म देणाऱ्या आईचे नाव या हकिगतीतून पुसले गेले नाही. काशीबाई आपल्याला माहीत आहेत.

४.५ सरोगसी : कायदा आणि एक विशेषण

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून प्रयोगशाळेत फलित झालेल्या गर्भापासून एका मुलीचा जन्म झाला. या तंत्राने मातृत्वाचे तीन तुकडे होणे शक्य झाले: बीज देणारी, उदरात वाढवणारी आणि संगोपन करणारी. 'आई' हा एकच शब्द तिघींना पुरेनासा झाला. मधल्या स्त्रीसाठी मराठीत 'उसनी कूस', 'भाड्याचे गर्भाशय', 'पर्यायी माता' असे शब्द आले. पहिल्या दोहोंत केवळ अवयव आहे, बाई नाही. तिसऱ्यात बाई आहे, पण कोणाच्या तरी बदली आलेली. शेवटी 'सरोगेट' हा परका शब्दच रुळला. आपल्या भाषेला तिला स्वतःचे नाव देता आलेले नाही.

काही वर्षे भारतात पैसे देऊन सरोगसी चालली. परदेशी जोडपीही येत. २००८ साली गुजरातेत आणंद येथे अशा रीतीने एका जपानी जोडप्याचे मूल जन्मले, पण त्याआधीच ते जोडपे विभक्त झाले होते आणि बालिका कोणाची, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. समृद्धी पोरे दिग्दर्शित 'मला आई व्हायचंय!' (२०११) या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त मराठी चित्रपटात हीच कोंडी आहे. परदेशी स्त्री मूल सदोष असेल या भीतीने ते नाकारते, गरीब यशोदा त्याला वाढवते, आणि गोरा मुलगा मराठी मातीत रुजल्यावर पहिली स्त्री त्याला न्यायला परत येते. 'यशोदा' हे नाव योजून दिग्दर्शिकेने आपला कौल आधीच दिला आहे, असे मला वाटते.

सरोगसी (नियमन) अधिनियम, २०२१ हा कायदा जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्याने पैशाच्या मोबदल्यातील सरोगसीवर बंदी घातली. सरोगेट स्त्री विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेली, स्वतःचे मूल असलेली, २५ ते ३५ वर्षे वयाची असावी. आयुष्यात एकदाच तिने हे करावे. स्वतःचे बीज देऊ नये. तिला वैद्यकीय खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा मिळावा, असे हा कायदा सांगतो. जन्मलेल्या मुलाला कोणत्याही कारणाने टाकून देण्यास मनाई आहे. ही शेवटची तरतूद वाचताना यशोदेची आठवण येते.

बाजार थांबवणे आवश्यक होते, यात शंका नाही. दारिद्र्यातून दिलेल्या संमतीला संमती म्हणणे कठीण असते. परंतु कायद्याने बाजाराच्या जागी जे विशेषण आणले, त्याचाही विचार केला पाहिजे. हे विशेषण आहे 'परोपकारी'. डॉक्टरांना शुल्क मिळते, रुग्णालयाला मिळते, वकिलाला मिळते. नऊ महिने स्वतःचे शरीर देणाऱ्या एकटीनेच निःस्वार्थ राहावे, अशी अपेक्षा आहे. कायद्याने ती जवळची नातलग असण्याची अट ठेवलेली नाही. पण मोबदला नसताना पुढे कोण येणार? बहुधा धाकटी जाऊ, विधवा नणंद, माहेरची बहीण. एकत्र कुटुंबात सासूने सर्वांसमोर शब्द टाकल्यावर धाकट्या सुनेचा 'नाही' कितपत स्वतंत्र असतो, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. पैशाची सक्ती निदान कागदावर दिसते. नात्याची सक्ती उपकार म्हणून मिरवते.

नातेही वादाबाहेर राहत नाही. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात पत्नीच्या धाकट्या बहिणीने बीज दिले होते आणि सरोगेट स्त्रीने जुळ्या मुलींना जन्म दिला होता. पुढे पती-पत्नी वेगळे झाले, तेव्हा पत्नीचा मुलींशी जैविक संबंधच नाही, असा युक्तिवाद करण्यात आला. बीज देणारीला पालकत्वाचा हक्क नाही, असे सांगून न्यायालयाने पत्नीला मुलींना भेटण्याची मुभा दिली. निकाल मला न्याय्य वाटतो. मात्र दोन बहिणींपैकी आई कोण, एवढाच वाद राहिला आणि जन्म देणारी तिसरी स्त्री त्या प्रश्नात कोठे उरलीच नाही.

४.६ स्वाध्याय

'वांझ' व 'निपुत्रिक' या दोन शब्दांच्या अर्थच्छटांतील फरक उदाहरणांसह सुमारे १५० शब्दांत लिहा. त्यानंतर मुकुंदेच्या बाजूने महडची कथा प्रथमपुरुषी निवेदनात सुमारे ३०० शब्दांत मांडा. गृत्समदाच्या प्रश्नाला ती काय उत्तर देईल, ते त्यात यावे.

प्रकल्पासाठी आपल्या परिसरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून गरोदरपण, बाळंतपण आणि अपत्यहीनता यांविषयीचे बोलीतील शब्द गोळा करा. ठाकर व कातकरी वस्त्यांतील शब्द मिळाल्यास ते आवर्जून नोंदवा. कोणाही अपत्यहीन व्यक्तीला तिच्या अनुभवाविषयी आपण होऊन प्रश्न विचारू नका. ती स्वतः बोलू लागली, तर वही मिटून ठेवा आणि ऐका.